रेषेबाहेरचे सर

पावसाने उघडीप दिली की तालुक्याच्या शालेय स्पर्धा लागतात. मैदानावर फक्की मारली जाते, जीपमधून, टेम्पोतून संघ येतात, आणि पायाचा अंगठा फक्कीला लागेल इतक्या जवळ प्रत्येक संघाचे सर उभे राहतात. आत चौदा वर्षांची मुलगी चढाईला गेलेली असते. समोर सात जणींचं कडं, तोंडात 'कबड्डी'चा दम, हातात तीस सेकंद. तेवढ्यात बाहेरून आवाज येतो, "काय करायलीस गं तू? पाय टाक, पाय! ध्यान कुठंय तुझं?" ती मान वळवते. निमिषभरच, पण कबड्डीत तेवढ्या वेळात घोटा धरला जातो.

सरांना वाटतं, पोरीचं लक्ष नव्हतं. खरं तर ते होतं. सरांच्या हाकेने ते तिच्याकडून काढून घेतलं.

जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्यात बाहेरचा माणूस येतो तो गोकुळेश्वराचं मंदिर, बारव आणि कोरीव कामाने मढलेला उंच स्तंभ पाहायला. परभणी जिल्ह्यातल्या अशा गावांमध्ये खेळ म्हटलं की आधी कबड्डी, मग खो-खो, मग क्रिकेट. बास्केटबॉलची रिंग मुलं जास्त करून मोबाइलवर पाहतात. महाराष्ट्रात हा खेळ रुजला तो मुंबईच्या नागपाड्यात, नागपुरात, पुण्यात. अर्जुन पुरस्कार मिळवणारे अब्बास मुंतसिर नागपाड्याचे, भारतीय महिला संघाचं कर्णधारपद सांभाळलेली शिरीन लिमये पुण्याची. तरीही चारठाण्याच्या मैदानावर सरांनी कसं उभं राहावं, हे ठरवताना बास्केटबॉलकडे पाहायलाच हवं. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाने काय करावं आणि काय करू नये, यावर या खेळाइतका वाद, नियम आणि मोजमाप क्वचितच दुसऱ्या एखाद्या खेळात झालं असेल. मैदान आटोपशीर, खेळाडू पाच, आणि प्रशिक्षक हाताच्या अंतरावर. त्याचा प्रत्येक हावभाव आतल्या पाच जणांपर्यंत पोहोचतो.

डिसेंबर 1891 मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड इथे जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ तयार केला, तेव्हा त्यांनी तेरा नियम लिहिले. त्यांत पंच आहेत, खेळाडू आहेत, शेवटच्या नियमात कर्णधारही आहेत. प्रशिक्षक कुठेच नाही. पुढे प्रशिक्षक आला, बाकावर बसला आणि तिथून ओरडू लागला. ते इतकं वाढलं की 1910-11 च्या हंगामात अमेरिकेतल्या नियमांनी खेळ सुरू असताना संघाशी संबंधित कुणीही बाहेरून शिकवायचं नाही, अशी बंदीच घातली. पहिल्या वेळी ताकीद, नंतर समोरच्या संघाला फ्री थ्रो. टाइम-आउटमध्ये प्रशिक्षकाला आपल्या खेळाडूंशी बोलता येईल, ही मुभा मिळाली ती थेट 1948-49 मध्ये. म्हणजे जवळपास चार दशकं हा खेळ असा खेळला गेला, की आठवडाभर शिकवणारा माणूस सामन्याच्या दिवशी कायद्याने गप्प असे आणि आतली मुलं आपापसांत ठरवत.

आजचा आंतरराष्ट्रीय नियम इतका कडक नाही, पण त्यामागचा विचार पुसला गेलेला नाही. बाकाजवळ एका वेळी एकाच प्रशिक्षकाला उभं राहता येतं. गैरवर्तन केलं तर टेक्निकल फाउल लागतो आणि समोरच्या संघाला फ्री थ्रो मिळतो. स्वतःच्या वागण्यामुळे असे दोन फाउल झाले की प्रशिक्षकाला सामन्यातून बाहेर काढतात. शिक्षा प्रशिक्षकाला, पण गुण जातो मुलांचा. घाम न गाळलेल्या माणसाच्या रागाची किंमत घाम गाळणाऱ्यांनी चुकवायची, याहून वाईट हिशेब खेळात दुसरा नसेल.

या हिशेबाचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण 23 फेब्रुवारी 1985 चं. इंडियाना विद्यापीठाचा संघ घरच्या मैदानावर पर्ड्यूविरुद्ध खेळत होता. सामना सुरू होऊन पाचेक मिनिटं झाली असतील. प्रशिक्षक बॉब नाइट पंचांच्या निर्णयावर भडकले, त्यांना टेक्निकल फाउल मिळाला, आणि पर्ड्यूचा खेळाडू फ्री थ्रोला उभा असताना त्यांनी बाकाजवळची प्लॅस्टिकची लाल खुर्ची उचलून मैदानावर आडवी फेकली. त्यांना बाहेर काढण्यात आलं. इंडियाना 72-63 असा हरला.

यावर लगेच उत्तर येतं, आणि ते टाळून चालणार नाही. याच नाइट यांच्या संघाने 1976 मध्ये एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, 1981 आणि 1987 मध्ये पुन्हा मिळवलं, आणि 1984 च्या ऑलिम्पिकमध्ये त्यांच्या हाताखालच्या अमेरिकी संघाने सुवर्ण जिंकलं. मग राग चालतो, असंच ना? आपल्याकडेही हेच बोललं जातं. सर कडक होते म्हणून आम्ही घडलो, असं सांगणारी माणसं गावोगाव भेटतात आणि ती खोटं बोलत नाहीत. पण हे सांगायला जे उरले, तेच सांगतात. त्याच सरांच्या आवाजाला घाबरून जी मुलगी दुसऱ्या वर्षी संघात नाव द्यायला आलीच नाही, ती कुठल्या सत्काराच्या व्यासपीठावर बोलायला येत नाही. शिवाय नाइट यांच्या संघांची बचावाची शिस्त, सरावातला काटेकोरपणा, खेळाची जाण ही त्यांच्या यशाची कारणं होती. खुर्ची हे त्यातलं कारण नव्हतं. आपल्याकडचे अनेक सर नेमकी खुर्ची उचलतात आणि सराव तिथेच सोडून देतात.

रागाचा खरोखर किती उपयोग होतो, हे बॅरी स्टॉ, कॅथरीन डिसेल्स आणि पीटर डी गोई या तीन अभ्यासकांनी मोजून पाहिलं. त्यांनी शाळा आणि कॉलेजच्या 23 बास्केटबॉल संघांची मध्यंतरातली 304 भाषणं ध्वनिमुद्रित केली, त्यांतली नाराजी, चीड, कठोरपणा यांची तीव्रता मोजली आणि उत्तरार्धातल्या गुणांशी ताडून पाहिली. 2019 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. निष्कर्ष सरळ नव्हता. मध्यंतरात प्रशिक्षकाने नाराजी दाखवली, तर काही प्रमाणात संघ उत्तरार्धात सुधारतो. मात्र ती नाराजी एका मर्यादेपलीकडे गेली, की खेळ उलट बिघडतो. म्हणजे नुसतं गोड बोलणारे सर चांगले, असं हा अभ्यास म्हणत नाही. मुलं ढिली पडली असतील तर त्यांना ते स्पष्ट सांगावं लागतं, आवाज चढवूनही सांगावं लागतं. पण हे मध्यंतराचं बोलणं आहे, हे विसरू नये. चेंडू थांबलेला असतो, मुलं समोर बसलेली असतात, ऐकायला डोकं मोकळं असतं. चढाई सुरू असताना, खांबाला वळसा घालताना, रिंगकडे हात उचललेला असताना येणाऱ्या आवाजाशी त्याची तुलना होऊ शकत नाही.

खेळातली हालचाल शेकडो वेळा घोटून अंगात भिनलेली असते. फ्री थ्रो घेणारा मुलगा मनगट कुठे वळवायचं याचा विचार करत नाही, आणि करू लागला की चेंडू रिंगवर आपटतो. दडपणाखाली तरबेज माणूस का चुकतो, यावर सायन बाइलॉक आणि थॉमस कार यांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग हेच सांगतात: भिनलेल्या कौशल्यावर पुन्हा पायरी-पायरीने लक्ष ठेवू लागलं, की ते विस्कटतं. "कोपर वर! पाय जवळ!" असं बाहेरून ओरडणारे सर नेमकं हेच घडवून आणतात. सूचना बरोबर असते. वेळ चुकीची असते, आणि वेळ चुकीची असली की बरोबर सूचनाही इजा करते.

दुसरी गोष्ट चेहऱ्याची. चुकल्यावर मूल पहिल्यांदा कुठे पाहतं, हे मैदानाच्या कडेला बसून कुणीही तपासून बघावं. ते गुणफलकाकडे पाहत नाही, सरांकडे पाहतं. आता काय झालं, किती वाईट झालं, हे त्याला त्या चेहऱ्यावरून कळतं. सरांनी कपाळावर हात मारला, पाठ फिरवली, बाटली आपटली, की एका गुणाची चूक सामना हरल्याएवढी मोठी होते. पुढच्या वेळी चेंडू हातात आला तर ते मूल जोखीम घेत नाही. लगेच दुसऱ्याला देऊन मोकळं होतं. खो-खोत अशी मुलगी सूर मारायच्या ऐवजी खो देऊन टाकते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं संघ गळाठला. संघ गळाठत नाही, संघातलं एकेक जण चुकीपासून लपू लागतं.

हे सगळं अमेरिकेतल्या प्रयोगांवर सोडायचं कारण नाही. मैदानातल्या मनःशांतीचं सगळ्यांत बोलकं उदाहरण नाशिकच्या एका बाईंनी घालून दिलं आहे, आणि मराठी क्रीडाविश्वाने त्यातून जेवढं शिकायला हवं होतं तेवढं ते शिकलेलं नाही. आशियाई स्पर्धेत महिला कबड्डीचा समावेश झाल्यापासून, 2010 आणि 2014 अशी दोन्ही सुवर्णपदकं भारताची होती. 2014 च्या अंतिम सामन्यात हरलेला संघ इराणचा होता. त्यानंतर इराणने आपल्या मुली नाशिकच्या शैलजा जैन यांच्या हाती सोपवल्या. जैन यांनी नाशिकमध्ये वर्षानुवर्षं मुलींना कबड्डी शिकवली होती, पण भारतीय संघाची जबाबदारी त्यांच्या वाट्याला आली नव्हती. साठी ओलांडलेल्या या बाई परक्या देशात गेल्या. तिथे त्यांनी पहिलं काम केलं ते फारसी शिकण्याचं. दुसरं काम, सरावात योगासनं आणि प्राणायाम आणण्याचं.

24 ऑगस्ट 2018 रोजी जाकार्तात आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना झाला, भारत विरुद्ध इराण. मध्यंतराला भारत थोडक्यात पुढे होता. उत्तरार्धात इराणच्या मुलींनी तो फरक भरून काढला, आघाडी घेतली आणि शेवटपर्यंत सोडली नाही. 27-24. आदल्याच दिवशी इराणच्या पुरुष संघानेही भारताला उपांत्य फेरीत 27-18 असं हरवलं होतं, त्यामुळे चर्चा सगळी भारताच्या पराभवाची झाली.

जैन यांच्या त्या दोन कामांकडे नीट पाहावं. फारसी शिकणं म्हणजे दुभाष्याशिवाय मुलींच्या कानात थोडक्यात, नेमकं बोलता येणं. टाइम-आउटच्या मोजक्या सेकंदांत दुभाष्याला वेळ नसतो, आणि शब्द पोहोचत नसले की माणूस आवाज वाढवतो. आपल्याकडे सर आणि मुलं एकच भाषा बोलतात, तरीही आवाज वाढतो, ही खेदाची गोष्ट आहे. प्राणायामाचं तर कबड्डीशी नातं जुनंच आहे. हा खेळच दमाचा. श्वास ताब्यात असलेली चढाईपटू घाबरली तरी चुकत नाही, आणि तो ताबा शिट्टी वाजल्यावर मिळत नाही, महिनोन्महिने पहाटे कमवावा लागतो. तीन गुणांनी मागे पडलेल्या संघाला मैदानाबाहेरून "घाबरू नका" असं ओरडून सांगणं हे तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखं आहे. ज्या बाईंनी श्वास आधीच शिकवून ठेवला, त्यांच्या मुली मागे असतानाही शांत राहू शकल्या.

त्यानंतर पंधराच दिवसांनी, 8 सप्टेंबर 2018 रोजी, याची उलटी बाजू साऱ्या जगाने पाहिली. न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन ओपन टेनिसचा महिलांचा अंतिम सामना सुरू होता. सेरेना विल्यम्स विरुद्ध वीस वर्षांची नाओमी ओसाका. प्रेक्षकांत बसलेले सेरेनाचे प्रशिक्षक पॅट्रिक मुराटोग्लू यांनी हातांनी एक खूण केली. ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत तेव्हा सामन्यादरम्यान प्रशिक्षकाची मदत चालत नसे. पंचांनी ताकीद दिली. आपण फसवणूक करत नाही, हे सेरेना पंचांना सांगत राहिली, मग रॅकेट आपटली आणि एक गुण गमावला, मग पंचांशी वाद घातला आणि अख्खा गेम गमावला. ओसाका 6-2, 6-4 अशी जिंकली. खूण आपण केली, हे मुराटोग्लू यांनी सामन्यानंतर कबूल केलं. तेवीस ग्रँड स्लॅम जिंकलेल्या खेळाडूचा तोल ढळायला बाहेरच्या माणसाची एक हालचाल निमित्त ठरू शकते. मग आठवीतल्या मुलीकडून कोणत्या स्थितप्रज्ञतेची अपेक्षा करायची?

महाराष्ट्राच्या क्रिकेटकडे बोट दाखवून कुणी म्हणेल की रमाकांत आचरेकर काय मवाळ होते? नव्हते. सचिन तेंडुलकर यांनी 16 नोव्हेंबर 2013 रोजी वानखेडेवर निरोपाच्या भाषणात सांगितलं होतं, की सरांनी एवढ्या वर्षांत एकदाही शाबासकी दिली नाही, कारण मुलगा त्यात समाधान मानून बसेल अशी त्यांना धास्ती होती. पण आचरेकरांची कडक शिस्त शिवाजी पार्कच्या सरावात होती. ऊन, धूळ, एकामागून एक सामने, यष्टीवर ठेवलेलं रुपयाचं नाणं. चंद्रकांत पंडित यांच्याबद्दलही हेच. शिस्तीच्या बाबतीत त्यांच्याइतका कठोर प्रशिक्षक भारतीय क्रिकेटमध्ये विरळा, असं मानलं जातं. त्यांनी विदर्भाला 2017-18 आणि 2018-19 असा सलग दोनदा रणजी करंडक मिळवून दिला, आणि जून 2022 मध्ये बेंगळुरूत मुंबईला हरवून मध्य प्रदेशाला पहिल्यांदा. पण क्रिकेटची रचनाच अशी आहे की चेंडू पडत असताना प्रशिक्षक पॅव्हेलियनमध्ये असतो. त्याचा कडकपणा सरावातच खर्ची पडतो. कबड्डी, खो-खो, बास्केटबॉलमध्ये हे अंतर मिळत नाही, म्हणून तिथल्या सरांना ते स्वतःहून राखावं लागतं.

ते राखून दाखवणारा माणूस म्हणजे अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन वुडन. 1964 ते 1975 या बारा हंगामांत त्यांच्या संघाने दहा राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली, त्यांतली सात सलग. सामन्यात ते बाकावर बसलेले असत, हातात कार्यक्रमपत्रिकेची गुंडाळी. ते काही संत नव्हते. त्याच गुंडाळीतून पंचांना ते टोमणे मारत. पण आपल्या मुलांना ते सामन्यात शिकवत बसत नसत. शिकवणं आधीच झालेलं असे. रोनाल्ड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर हे दोन मानसशास्त्रज्ञ 1974-75 च्या हंगामात वुडन यांच्या सरावाला वही घेऊन बसले आणि त्यांनी प्रत्येक उद्गाराची नोंद केली. शिकवण्याच्या 2,326 कृती नोंदल्या गेल्या. त्यांत स्तुती 6.9 टक्के आणि नाराजी 6.6 टक्के. उरलेलं बहुतांश बोलणं निव्वळ माहिती होती: कुठे उभं राहायचं, चेंडू कसा द्यायचा, ही हालचाल अशी नाही तर अशी. कौतुक आणि राग दोन्ही मिळून सातवा हिस्सासुद्धा नाही.

आपल्या मैदानांवर अशी वही घेऊन कुणी बसलं तर काय निघेल? "अरे", "अगं", "काय हे", "किती वेळा सांगितलं" या बोलण्यात माहिती किती असते? "किती वेळा सांगितलं" हे वाक्य तर मुलाला काहीच सांगत नाही, सरांची चीड तेवढी सांगतं. "डावा कोपरा उघडा आहे" यात तीनच शब्द कामाचे आहेत, पण ते मुलाला खेळात परत आणतात.

या सगळ्यात सरांना खलनायक ठरवणं अन्यायाचं होईल. चारठाण्यासारख्या गावातल्या शाळेत क्रीडाशिक्षक असलेच, तर ते एकटे असतात. बऱ्याच ठिकाणी गणिताचे किंवा इतिहासाचे सरच संघ घेऊन जातात. मुलांच्या प्रवासाची सोय त्यांनी पाहायची, डबे त्यांनी पाहायचे, कुणाला लागलं तर दवाखाना त्यांनी गाठायचा, संध्याकाळी प्रत्येक मुलगी घरी पोहोचली का हे फोन करून त्यांनीच विचारायचं. शाळेला ढाल हवी असते, संस्थेला बातमी हवी असते. खेळातल्या कामगिरीवर दहावी-बारावीच्या सवलतीचे गुण अवलंबून असतात, म्हणून पालकही डोळे लावून बसलेले असतात. एवढं ओझं घेऊन रेषेवर उभा राहिलेला माणूस ओरडला, तर त्याला दोष देण्याआधी त्याला प्रशिक्षण कुणी दिलं, हे विचारायला हवं. पकड कशी करायची याची शिबिरं होतात. कडेला कसं उभं राहायचं, याचं एकही सत्र त्यांत सहसा नसतं.

आणि हे शिकवता येतं. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल यांनी मुलांच्या बेसबॉल संघांवर अनेक वर्षं काम केलं. प्रशिक्षक सामन्यात काय करतात याची नोंद त्यांनी केली आणि मग प्रशिक्षकांनाच विचारलं, तुम्ही काय करता? दोन्हींचा मेळ फारसा बसला नाही. मुलांनी मात्र प्रशिक्षकांचं वागणं बरंच अचूक सांगितलं. सरांना आपण किती ओरडतो हे कळत नाही, मुलांना कळतं. पुढे त्यांनी काही प्रशिक्षकांना अडीच तासांचं साधं प्रशिक्षण दिलं: चुकीनंतर धीर द्या, सूचना नेमकी द्या, टोमणे बंद करा, प्रयत्नाची दखल घ्या. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याचा परिणाम दिसला. प्रशिक्षण घेतलेल्यांच्या हाताखालच्या मुलांपैकी पुढच्या हंगामात खेळ सोडणारी 5 टक्के निघाली, प्रशिक्षण न घेतलेल्यांच्या हाताखालची 26 टक्के. सामने जिंकण्या-हरण्यात दोन्ही गटांत फरक नव्हता, म्हणजे मुलं विजयामुळे टिकली, असंही म्हणता येत नाही. आणि ज्या मुलांचा स्वतःवरचा विश्वास मुळात कमी होता, त्यांना अशा सरांचा सर्वाधिक फायदा झाला.

हे आकडे अमेरिकेतल्या मुलांचे आहेत. मराठवाड्यातल्या मुलीसाठी खेळ सोडण्याचा अर्थ आणखी जड आहे. तिला मैदानावर पाठवायला घरच्यांनी कसाबसा होकार दिलेला असतो, तोही बहुतेक वेळा सरांवरच्या विश्वासाने. मैदानाभोवती गाव उभं असतं. तिथे सगळ्यांदेखत सरांनी तिचा अपमान केला, तर तो अपमान तिच्या आधी घरी पोहोचतो. पुढच्या वर्षी परवानगी मागायला तिच्याकडे शब्द उरत नाहीत. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असं हरवलं, आणि त्या संघाची कर्णधार होती प्रियंका इंगळे, मूळची बीड जिल्ह्यातली. मराठवाड्यातल्या किती घरांत त्या दिवशी मुलींनी टीव्हीकडे पाहिलं असेल! अशी मुलगी संघात टिकण्याची वाट तालुक्याच्या मैदानातून जाते, आणि त्या वाटेवर तिला पहिला भेटतो तो रेषेबाहेरचा माणूस.

काय करता येईल? पहिलं, क्रीडा खात्याने शालेय स्पर्धांपूर्वी संघ घेऊन येणाऱ्या सगळ्या शिक्षकांसाठी अडीच-तीन तासांचं सत्र घ्यावं. त्याला पैसा लागत नाही, एक वर्ग आणि एक जाणकार माणूस लागतो. पंचांनीही खेळाडूंच्या चुकांइतकंच बाकावरच्या वागण्याकडे लक्ष द्यावं. ओळखीच्या सरांना ताकीद द्यायला पंच कचरतात, कारण पुढच्या सामन्यात भूमिका बदललेल्या असतात. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणीच बोलत नाही.

दुसरं काम शाळेतच होण्यासारखं आहे. संघात निवड न झालेलं एखादं मूल वही घेऊन बसवावं. पानावर दोन रकाने: सरांनी सांगितलेलं आणि सरांनी सुनावलेलं. सामन्यानंतर सरांनी ते पान एकट्याने वाचावं. त्यासाठी धैर्य लागेल, कारण वही विद्यार्थ्याच्या हातची असेल.

तिसरं म्हणजे टाइम-आउट. 12 फेब्रुवारी 2018 रोजी एनबीएमधल्या गोल्डन स्टेट वॉरियर्सचे प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी फीनिक्सविरुद्धच्या सामन्यात टाइम-आउट घेतले आणि आखणीचा फळा खेळाडूंच्या हाती दिला. आंद्रे इग्वोडाला, ड्रेमंड ग्रीन, डेव्हिड वेस्ट यांनी डावपेच काढले, कर बाजूला उभे राहिले. संघ 129-83 असा जिंकला. समोरचा संघ दुबळा होता, हे खरं, आणि फीनिक्सचा हा अपमान आहे अशी टीकाही झाली. पण कर यांचं कारण साधं होतं: हा संघ खेळाडूंचा आहे आणि माझा आवाज ऐकून ते कंटाळलेत. कबड्डीत तर ही परंपरा आपलीच आहे. ऑक्टोबर 2016 मध्ये अहमदाबादला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारत मध्यंतराला इराणपेक्षा पाच गुणांनी मागे होता. तेव्हा मैदानावर कर्णधार अनुप कुमार होता, घाई न करणारा, चेहऱ्यावर काही न दाखवणारा. भारत 38-29 असा जिंकला.

अनुप कुमारसारखा कर्णधार आकाशातून पडत नाही. त्याला कधीतरी, कुठल्या तरी धुळीच्या मैदानावर, चौदा-पंधरा वर्षांचा असताना निर्णय घेऊ दिलेला असतो आणि तो निर्णय चुकला तरी कुणी बाटली आपटलेली नसते. येत्या हंगामात जिंतूर तालुक्याच्या स्पर्धांत प्रत्येक संघाने एक टाइम-आउट पूर्णपणे कर्णधाराला द्यावा. मुली गोल करून उभ्या राहतील, आतली बोलेल, बाकीच्या ऐकतील. सरांनी तेवढा वेळ चार पावलं मागे जाऊन पाण्याची कॅन धरून उभं राहावं, आणि मुलींनी मागितलं तर पाणी द्यावं.